आईच्या पसंतीचा मुक्काम

मालनबाईंचं अख्खं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात गेलं होतं, आणि आता मुलगा समाधान घरातल्या सगळ्यांना विमानानं अंदमानला नेणार होता. तो आणि सून मंजुषा मोबाइलवर राहायची ठिकाणं बघत होते. एका हॉटेलच्या फोटोत वाळूवर टेबल मांडलं होतं आणि वेटर कुणा बाईपुढे भरलेलं ताट ठेवत होता. मालनबाईंचा जीव त्या ताटात अडकला. चार दिवस आयतं खायचं!

"आई, तुमच्या पसंतीनं ठरवू," मंजुषा म्हणाली.

मालनबाई त्या फोटोकडे बोट दाखवणार, तेवढ्यात त्यांचे यजमान गोटीराम खाटेवरून बोलले, "तिला काय इचारता? तिला बाहेरचं चालत नाय. पोरं लहान व्हती तवापासून बघतोय मी."

पोरं लहान असताना हॉटेलात गेलं की मालनबाई खरंच तसं म्हणायच्या. तेवढाच एक डोसा पोरांना जास्त मिळायचा. आता इतक्या वर्षांनी ते खोटं होतं असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी बोट मागं घेतलं.

"माझ्या ध्यानात हाय ना, दादा," समाधान वडिलांना म्हणाला. "आईसाठी मुद्दाम किचनवाली खोली शोधलीय. गॅस, कुकर, तवा, सगळं हाय." आणि त्यानं लगेच बुकिंग करून टाकलं.



मंजुषानं कौतुकानं फोन त्यांच्यापुढे धरला. "आई, नशीब काढलंत! ओट्यासमोरच खिडकी आहे. भाकरी थापता थापता समुद्र दिसेल."