शेवट सांगायचा नाही

छबूबाईंनी पुस्तक पेरूसारखं उलटंपालटं करून पाहिलं आणि सुनेला विचारलं, "ह्यात काय हाय?"

"कादंबरी आहे, आत्याबाई."

"त्ये मला काय कळायचं? आत काय घडतं, त्ये सांग."

रोहिणीला पटकन सांगता येईना. राहात्याच्या शाळेच्या मैदानावर पुस्तकांची जत्रा भरली होती. सकाळपासून तिच्या टेबलापुढं माणसं येत होती, पानं चाळत होती आणि पुढं सरकत होती. एरवी ती पुणतांब्याला घरात बसून मोबाईलवर पुस्तकं विकायची. फोटो टाकायचा, चार ओळी लिहायच्या, ऑर्डर आली की पुडकं बांधून कुरिअरला द्यायचं. पार नांदेड-कोल्हापूरपर्यंत तिची पुस्तकं जायची. पण माणूस समोर उभा राहिला की तिची जीभ टाळूला चिकटायची.

छबूबाईंना हा धंदाच पटत नव्हता. दुकान नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, आणि खोकी मात्र खोलीभर. ती खोली त्यांना कांद्याच्या बियाण्याला हवी होती. "जत्रंत काय खपतंय ते बघू. न्हाई खपलं तर खोली मोकळी करायची," असं सांगूनच त्या सुनेबरोबर टेम्पोत बसल्या होत्या. बाईला अक्षरओळख नव्हती. पण नवरा लवकर गेल्यावर याच राहात्याच्या बाजारात पेरू विकून त्यांनी पोरगा वाढवला होता. माल पडून राहिलेला त्यांना बघवत नसे.

"सांग की," त्या म्हणाल्या.

"एक बाई असते," रोहिणी अडखळत म्हणाली. "तिचा नवरा नावाडी. एकदा पुरात जातो तो परत येत नाही. लोक म्हणतात, बुडाला. ती म्हणते, मला दाखवा, मग कुंकू पुसते. आणि त्याची होडी स्वतः चालवायला लागते. होडीत बसेल त्याच्या तोंडाकडं निरखून बघते."

छबूबाई टेबलावर वाकल्या. "मंग? येतो का त्यो?"

"शेवट सांगायचा नाही, आत्याबाई. सांगितला तर पुस्तक कोण घेईल?"

छबूबाईंनी 'हं' केलं. पदर कमरेला खोचला आणि टेबलाच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अय बायांनो, हिकडं या! घेऊ नका, नुसतं ऐका. एक बाई हुती, तिचा नवरा पुरात गेला…"

बाया थांबल्या. ऐकता ऐकता एकीनं विचारलं, "मग पुढं?"

"पुढचं ह्यात हाय," छबूबाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं.

त्या दुपारी रोहिणीला दम खायला फुरसत मिळाली नाही. सासू एकेक पुस्तक उचलायची, "ह्यात काय हाय?" म्हणायची, आणि ऐकलेलं तसंच्या तसं गर्दीच्या कानात घालायची. सासूला सांगता सांगता रोहिणीची जीभही सैल झाली. मग गिऱ्हाईक थेट तिलाच विचारू लागलं आणि तीही मोकळेपणानं सांगू लागली. पण छबूबाई फिरून फिरून त्या होडीवाल्या बाईकडंच यायच्या. तिची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

उन्हं कलली तेव्हा त्या पुस्तकाची एकच प्रत उरली. कॉलेजातल्या एका मुलीनं तिच्याकडं हात केला, तर छबूबाईंनी पुस्तकावर तळवा ठेवला.

"ह्ये न्हाई."

"विकलं गेलं का, आजी?"

"व्हय."

रोहिणीला काही कळेना. "कोणी घेतलं, आत्याबाई?"

छबूबाईंनी पुस्तक पदराखाली ओढलं. मघाशी बाजार गाजवणाऱ्या बाईला आता सुनेच्या डोळ्याला डोळा देववेना.

"दुपारधरनं त्या बाईला किती जणींच्या हवाली केलं," त्या हळू म्हणाल्या. "तिचं काय झालं, त्ये त्या समद्यांना कळंल. मला एकलीलाच कळायचं न्हाई."

रोहिणीनं त्यांच्या पदराखालचं पुस्तक अलगद काढून घेतलं. मग तिनं एक रिकामं खोकं उलटं करून सासूला त्यावर बसवलं, स्वतः खाली सतरंजीवर बसली आणि पहिलं पान उघडलं. कॉलेजातली मुलगी गेली नव्हती. तीही हळूच शेजारी टेकली.

एवढ्यात कुणीतरी टेबलावर टिचकी मारली. "अहो ताई, हे पुस्तक कितीला?"

रोहिणी उठू लागली. छबूबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "दम धरा जरा. माझी सून वाचतीया."