चाकोरीतली चार अंडी

शकीलनं ट्रॅक्टर थांबवला, पण बंद केला नाही. पुढे चाकोरीत एक टिटवी पंख पसरून उभी होती, आणि एवढ्याशा जिवानं असा काही कालवा मांडला होता की इंजिनाचा आवाज फिका पडावा.

"उखर्डूभाऊ, खाली अंडी आहेत," शकील म्हणाला. "चार दिसतात."

"असतीन. चालव तू."

उखर्डू माणूस सरळ, पण आपल्या हद्दीपुरता. गिरणेच्या कोरड्या पात्रात त्याचा आणि धाकटा भाऊ निंबाचा टरबुजांचा मळा शेजारीशेजारी, आणि मधून ट्रॉलीची वाट. चाकं वाळूत रुतू नयेत म्हणून दोघांनी कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरून ती केलेली, अर्धी यानं, अर्धी त्यानं. दर पावसाळ्यात नदी सगळ्या हद्दी पुसून नेते आणि दर हिवाळ्यात हे दोघे दोरी लावून वीतभर वाळूसाठी नव्यानं भांडतात. काय म्हणावं आता! दहा वर्षं झाली, एकमेकांशी धड बोलणं नाही.

त्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. लेकी माहेरी, झाडाझाडाला झोके. पाच-सहा दिवस या वाटेवर गाडी नाही की माणूस नाही. टिटवीला वाटलं, ही वाट मोडली. तिनं चाकोरीतच संसार मांडला. तिला तरी चूक कशी म्हणायची?

पण टरबुजं तयार होती. दुपारी सडकेवर धुळ्याचा ट्रक यायचा होता. आजचा ट्रक चुकला तर हा माल या उन्हात दोन दिवसही टिकणार नव्हता.

"थोडी वाट वळवू," शकील म्हणाला.

वळवायची कुणीकडे? निंबाच्या बाजूला त्याचा झिरा होता, वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. तिकडून ट्रॉली गेली की बसलीच. उरली उखर्डूची बाजू. तिथं ओळीनं उशिरा लावलेले वेल, आणि वेलांवर वीस-बावीस कच्ची टरबुजं.

"शकील, त्याले सांग," झिऱ्याजवळून निंबा म्हणाला, "वाट दोन्हीसनी शे. मनी काही जबरदस्ती नही."

"त्याले सांग, तुले कोन इचारं?"

शकीलनं कुणालाच काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत तो एवढं शिकला होता.

भाकरीची टोपली घेऊन कुंदाबाई आली होती. दोघांची थोरली बहीण, आखाजीसाठी माहेरी आलेली. दोघं तिला अक्का म्हणत. दोघांचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट. तिनं टोपली खाली ठेवली आणि टिटवीकडे पाहिलं.

"आखाजीले माहेर उनी शे बिचारी," ती म्हणाली. "बाळंतपण बी आठेच. हाकला, हाकला तिले."

आणि खोपीच्या सावलीत जाऊन बसली.

उखर्डूला राग आला. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो स्वतःच टिटवीला हुसकावायला पुढे झाला. तिनं झेप घेऊन त्याची टोपी उडवली. त्यानं टोपी उचलून झटकली, तोवर ती उडाली आणि थेट निंबाच्या झिऱ्यावर जाऊन बसली.

"गई. चालव रे."

शकीलनं गिअर टाकेपर्यंत ती परत आली होती. पोटाची पिसं ओली निथळत होती. ओल्या पोटानं ती अंड्यांवर बसली, तापल्या वाळूत अंडी शिजू नयेत म्हणून. जरा वेळानं पुन्हा झिऱ्यावर गेली, पुन्हा भिजून आली. उखर्डू बघत राहिला. पाण्याच्या खेपा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. उन्हाळाभर वेलांना घागरीनं पाणी घालून त्याच्या खांद्याची सालटी निघाली होती.

"कितल्या खेपा करशी वं माय," तो पुटपुटला.

मग तो खाली बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पहिला वेल उपटला.

जीव तुटला त्याचा, खोटं कशाला बोला. कच्ची टरबुजं एकेक करून त्यानं बाजूला ठेवली. ट्रॉलीपुरती चार हात जागा मोकळी व्हायला हवी होती, तेवढी केली. कुंदाबाईनं त्यातली चार-पाच पदरात घेतली आणि म्हणाली, "भाजी करसू." पऱ्हाट्या अंथरायला उखर्डू वळला, तर निंबा आधीच एक भारा उचलून आला होता. न बोलता दोघांनी वळण बांधून काढलं.

ट्रॉली माल भरून त्या वळणावरून गेली. टिटवी ओरड ओरड ओरडली, पण अंड्यांवरून उठली नाही. ट्रॅक्टर काठावर चढला, सडकेकडे वळला. ट्रक आरामात गाठता येणार होता, आणि उखर्डूला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

निंबानं अंग झटकलं. सवयीनं त्यानं शकीलकडे पाहिलं, पण शकील कधीच गेला होता. अक्का खोपीत कांदा फोडत होती. निरोप सांगायला मध्ये कुणीच उरलं नव्हतं.

"भाऊ," निंबा म्हणाला. "दहा वरीस मी वीतभर मांगी ऱ्हायनू, ती नही दिधी. आनि तिले चार हात जागा दिधी. ती बी न मांगता."

उखर्डूनं टोपी नीट डोक्यावर बसवली.

"पन तुना अंडा कोठे व्हतात?"