लाल ठिपका

वडिलांच्या जुन्या पेट्रोल ट्रकसाठी सहा स्पार्क प्लग मी स्वतः निवडून आणले. मेकॅनिक नवा माल ढापतो अशी माझी खात्रीच होती, म्हणून प्रत्येकावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"अहो, वीस वर्षं तोच गाडी बघतोय ना?"

"म्हणूनच!"

सकाळी ट्रक आणि प्लग त्याच्याकडे सोडले. संध्याकाळी गॅरेजमध्ये पोचलो आणि आधी बॉनेट उघडलं. एकाही प्लगवर ठिपका नव्हता.

"माझे प्लग कुठायत?" मी ओरडलो.

त्याने ठिपकेवाले सहाही प्लग माझ्या हातात ठेवले. "लांब पडत होते, मालक. पिस्टनवर आपटले असते. बरोब्बर मापाचे आता बाजारात मिळत नाहीत."

"मग हे कुठून आणलेस?"

तो हात पुसत बाजूला सरकला.



त्याच्यामागे त्याचा स्वतःचा, तसलाच जुना ट्रक बॉनेट उघडं टाकून उभा होता. इंजिनात सहा भोकं रिकामी.