सांत्वनभेट

"शेवटी काही बोलला का हो तो?" बाईने विचारले.

व्यवस्थापकाने चहाच्या कपावरून नजर उचलली नाही. "सगळं फार पटकन झालं. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

"त्याला कळलं नसेल, की तुम्हाला सांगवत नाही?"

खोली लहान होती. एक खाट, एक टेबल, तीन खुर्च्या. खिडकीच्या चौकटीत कारखान्याची चिमणी अशी नेमकी मावली होती, की ती कुणी मुद्दाम भिंतीवर टांगल्यासारखी वाटावी. चहावर साय धरली होती. दाराजवळच्या खुर्चीत कंपनीचा वकील हाताची घडी घालून बसला होता.

"आमचा सगळ्यात जुना बॉयलरवाला तो," व्यवस्थापक म्हणाला. "सगळं खातं त्याला वाफ्या म्हणायचं."

"घरीही तेच. फक्त सासूबाईंना खपायचं नाही. म्हणायच्या, वाफ्या काय वाफ्या? माझा मुलगा आहे की किटली?"

व्यवस्थापकाला हसू आले आणि त्या हसण्याची त्याला लगेच लाज वाटली. त्याने घसा साफ केला.

"वहिनी, मुलीच्या शिक्षणाचं कंपनी बघेल. तुम्हाला कापड तपासणीत नोकरी मिळेल. राहती खोली कुणी काढून घेणार नाही. आणि फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत त्याच्या नावाची बाग करायचं मालकांच्या मनात आहे."

"बाग?"

"झाडं, बाकं. वस्तीतल्या लोकांना बसायला."

"आयुष्यात कधी निवांत बसला नाही तो. आता त्याच्या नावावर लोक बसणार."

"कंपनी म्हणजे एक कुटुंबच आहे, वहिनी."

"असं?" बाईचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला, विहिरीत पोहरा उतरावा तसा. "घरात गॅस गळतोय असं मुलाने सांगितलं, तर बाप काय म्हणतो? थांब, आधी जेवणं उरकू?"

वकिलाने पायावरचा पाय बदलला.

"धूर तर आजही निघतोय," ती म्हणाली. "त्याच्यावाचून तुमचं काही अडलं नाही."

व्यवस्थापकाने खिडकीबाहेर पाहिले. धूर निघत होता. सरळ, राखाडी, कुणाकडेही परवानगी न मागणारा.

"एकच विचारते. जादा वाफ सोडणारा तो व्हॉल्व चिकटतोय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौकशी चालू आहे, वहिनी. अहवाल आला की..."

"मी अहवालाचं विचारत नाहीये. तुमचं विचारतेय. इकडे बघा आणि सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिले. तिथेच त्याचा पाय घसरला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "तोच सांगायला आला होता. पण दुरुस्तीला बॉयलर थंड करावा लागतो, सगळं खातं थांबवावं लागतं. माल वेळेवर बंदरात गेला नसता. मी म्हटलं, एवढी ऑर्डर जाऊ दे, तोवर ओढ. तो हसला. म्हणाला, तुम्ही म्हणताय तर ओढतो."

"थांबा," वकील म्हणाला.

तो उठून टेबलाशी आला. "चौकशी चालू आहे. बस्स, तिथेच तोंड मिटायचं. इकडे बघा म्हणाली तर भिंतीकडे बघा. बाई, तुम्ही मात्र झकास केलंत. ती किटली तुमच्या पदरची का?"

"माझीच. कागदावर नव्हती," असे म्हणत बाईने गार चहा एका घोटात संपवला. ती नाटकांत कामे करीत असे. आज कारखान्याच्या पाहुणेघरातल्या या खोलीत वाफ्याच्या बायकोच्या जागी बसायला कंपनीने तिला बोलावले होते.

"मला नाही जमणार," व्यवस्थापक म्हणाला. "हिच्यासमोर जीभ अडखळते, तर तिच्यासमोर काय होईल? ओळखतो मी तिला."

"सरावाने जमतं. म्हणून तर आधी करून ठेवायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते."

"आणि मी तिला खरं सांगून टाकलं तर?"

"तर तुम्ही तुरुंगात आणि सगळं खातं रस्त्यावर. त्या सगळ्यांच्या चुली तुमच्या एका वाक्यावर विझतील. जबाबदारी तीही असते, साहेब."

बाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "म्हणजे ते खरं आहे? त्याने येऊन सांगितलं होतं?"

"तुम्ही तुमची वाक्यं बोला. खऱ्याखोट्याचं ओझं आमच्याकडे असू द्या."

"तिच्याकडे कधी जाणार आहात?"

"वेळ आली की," वकील म्हणाला आणि पुन्हा दाराजवळ जाऊन बसला. "चला, व्हॉल्वपासून घ्या."

बाईने पुन्हा विचारले. या खेपेला तिचा आवाज थोडा कापला आणि तो अभिनय आहे की नाही, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. व्यवस्थापकाने भिंतीवरच्या एका डागावर नजर ठेवली.

"चौकशी चालू आहे, वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज स्थिर होता, मऊ होता, आणि त्यात नेमके हवे तेवढे दुःख होते.

वकिलाने समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तेलकट चिंधीला हात पुसत, पायातली चप्पल बाहेरच ठेवून, एक माणूस अर्धा आत डोकावला.

"साहेब, वाफेच्या दाबाचा काटा वर चाललाय आणि व्हॉल्व आज जास्तच चिकटतोय. बंद करू, की अजून ओढू?" वाफ्याने विचारले.