ओळखीचा चोर

पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली आणि प्रत्येकाने कानात सुबोधक यंत्र अडकवलं. वसुधा टिळेकर आपला शोधनिबंध वाचत होती. यंत्र तो ज्याच्या-त्याच्या बोलीत, घरगुती उदाहरणं देऊन सांगत होतं. समजलं, की यंत्राचा दिवा हिरवा होई.

तिसऱ्या मजल्यावर चोरी झाल्यापासून वॉचमन सोपानला काढायचं घाटत होतं. तो परगावचा, एवढाच पुरावा. त्याची नोकरी वाचावी म्हणूनच वसुधाने हा निबंध निवडला होता. शहरातल्या चोऱ्या परक्यांपेक्षा ओळखीचेच जास्त करतात, असं तिला आढळलं होतं.

एकेक दिवा हिरवा झाला. निमकरवहिनींनी दिराकडे पाहत पर्स मांडीवर ओढली. चिटणीस चौबळकाकांना जावई आठवला असावा. त्यांनी घाईने घसा खाकरला. घरच्या माणसावर संशय घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

"पटलं बुवा," काका म्हणाले. "आता सांगा, आपल्या सगळ्यांना ओळखतो कोण?"

"सोपान," वहिनी म्हणाल्या. "माझ्या पोराची परीक्षा कधी, तेसुद्धा त्याला ठाऊक."

"आणि आपण त्याला परका समजत होतो," काका हळहळले.

वसुधाला हायसं वाटलं.

"म्हणजे धोका तोच," काका म्हणाले. "सोपानला कामावरून मोकळं करू. यापुढे दर महिन्याला नवा वॉचमन आणायचा. ओळख व्हायलाच नको."

भराभर हात वर झाले.

"अहो, त्याचा अर्थ तसा नाही," वसुधा म्हणाली.

"बाई, किती छान समजलंय आम्हाला," काका समजुतीने म्हणाले. "आता तुम्ही उगाच अवघड करू नका."