पाटोदा फाटा

साखर कारखान्याचा हंगाम संपला आणि ऊसतोडीची टोळी गुलाल उधळत ट्रकमध्ये चढली. सहा महिन्यांनी गाव दिसणार म्हणून पोरे गाणी म्हणत होती. नऊ वर्षांची दिपाली तेवढी आई-वडिलांच्या मधोमध गप्प बसून होती.

"घरी निघालो अन् हिचं तोंड बघा," टोळीतल्या भिवराबाई हसल्या. "फडातच ऱ्हाती का गं?"

दिपालीने मान डोलावली. सगळ्यांनी ते थट्टेवारी नेले.

पाटोद्याच्या फाट्यावर, एसटीडी बूथपाशी ट्रक थांबला. आई बोचके घेऊन उतरली. तिचे माहेर जवळच होते. वडिलांनी दिपालीला उचलून तिच्याकडे दिले आणि ते वरच राहिले. त्यांचे गाव पुढे, गेवराईकडे होते. दोघे वेगळे होऊन तीन वर्षे झाली होती. पण मुकादम नवरा-बायकोच्या जोडीशिवाय कुणाला टोळीत घेत नसे, म्हणून दसरा झाला की तेवढे सहा महिने ती दोघे पाचटाच्या एका कोपीत संसार मांडत.

"शाळंत जात जा," वडील म्हणाले.

ट्रक हलला, तशी दिपाली वडिलांकडे बघत त्याच्यामागे चार पावले पळाली.

"दादा, औंदा दसरा कवा हाय?"