कोपऱ्यातला नवरा

नागरिकाची पत्नी म्हणून नागरिकत्वाचा अर्ज भरता भरता ती शेवटच्या रकान्यापाशी अडली: दोघांचे एकत्र फोटो. तिने फोटोंचं पाकीट कारकूनबाईंपुढे ठेवलं. समुद्रावर ती एकटी, ओट्यापाशी एकटी, वाढदिवसालाही एकटीच. “अहो, यात नवरा कुठाय?” बाईंनी विचारलं. फोटो कायम सुतार नवराच काढायचा, आणि दरवेळी कॅमेऱ्यापुढे अंगठा आणून फोटोची वाट लावायचा. त्या अंगठ्यावरून तिने त्याचं किती डोकं खाल्लं होतं! “आहे की नवरा,” ती एकदम म्हणाली. “हा काय, कोपऱ्यात!” प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात करवतीने शेंडा उडवलेला तोच आखूड अंगठा होता. बाईंनी चष्म्यावरून शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ओशाळून हात पाठीमागे नेला. “लपवतोस काय?” तिने अंगठ्याला धरून हात टेबलावर ओढला. बाईंनी शिक्का मारला, तरी तिने अंगठा सोडला नाही.